समोरचा काय करील?

प्रस्तावना

३ नोव्हेंबर २००७ रोजी कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे, बंद पडलेल्या जॉर्ज हवाई तळाच्या ओसाड वसाहतीत, अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने एक शर्यत भरवली. अंतिम फेरीत अकरा गाड्या होत्या आणि एकाही गाडीत चालक नव्हता. चौक होते, थांबण्याच्या पाट्या होत्या, पार्किंगच्या जागा होत्या, आणि माणसे चालवत असलेल्या काही गाड्या मुद्दाम मध्ये सोडलेल्या होत्या. वाहतुकीचे नियम पाळून, सहा तासांच्या आत सुमारे ९६ किलोमीटर पार करायचे होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘बॉस’ पहिली आली, स्टॅनफर्डची ‘ज्युनिअर’ दुसरी. त्या शर्यतीच्या कथा या विजेत्यांभोवती फिरतात. मला मात्र त्याच दिवशी झालेली एक सावकाश टक्कर जास्त महत्त्वाची वाटते.

एमआयटीची ‘टॅलॉस’ आणि कॉर्नेल विद्यापीठाची ‘स्कायनेट’ या दोन गाड्या एकाच रस्त्यावर आल्या. स्कायनेट रेंगाळत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. टॅलॉसने तिला बाजूने ओलांडायला घेतले आणि ती परत आपल्या लेनमध्ये शिरत असतानाच स्कायनेट पुढे सरकली. वेग कमी असल्यामुळे फारसे नुकसान झाले नाही. दोन्ही गाड्यांनी शर्यतही पूर्ण केली. पुढे दोन्ही विद्यापीठांच्या चमूंनी एकमेकांवर दोष न ढकलता, एकत्र बसून या टक्करीची चिकित्सा करणारा निबंध लिहिला. टॅलॉसला समोर काहीतरी आहे हे दिसत होते. पण इतक्या मंद हलणाऱ्या त्या वस्तूला तिच्या संगणकाने गाडी मानलेच नाही, जागचा अडथळा मानले. अडथळा पुढे सरकत नाही, या समजुतीवर तिने आपला मार्ग आखला. समोरच्या गाडीचा हेतू ओळखता न येणे हे त्या निबंधातले एक मुख्य कारण आहे.

पुढच्या सोळा-सतरा वर्षांत कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे लायडार कितीतरी सुधारले. आजच्या गाडीला रात्रीच्या अंधारात शंभर-दीडशे मीटरवरचा माणूस दिसतो. तरीही या काळातले जे अपघात गाजले, त्यांच्या चौकशीत व्हिक्टरव्हिलचाच दोष वेगवेगळ्या रूपांत सापडतो. गाडीने पाहिले होते. ठरवताना तिने एखादी गोष्ट पक्की धरली, आणि ती पक्की नव्हती. हे पुस्तक अशा ठरवण्याविषयी आहे.

ठरवणे म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. गाडीतला संगणक सेकंदाला अनेकदा एकच फेरा पूर्ण करतो. आजूबाजूला काय काय आहे ते ओळखायचे, त्यातले प्रत्येक जण पुढच्या काही सेकंदांत कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, आणि मग आपण कोणत्या वाटेने, किती वेगाने जायचे ते निवडायचे. निवडताना प्रत्येक संभाव्य वाटेची किंमत काढली जाते. टक्करीचा धोका सर्वांत महाग, त्याखालोखाल नियमभंग, मग प्रवाशाला बसणारे हिसके आणि वाया जाणारा वेळ. ज्या वाटेची एकूण किंमत सर्वांत कमी, ती घ्यायची. हे वाचताना सोपे वाटते. अडचण सगळी मधल्या पायरीवर आहे, कारण दुसऱ्याच्या मनातले कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

१४ फेब्रुवारी २०१६ रोजी माउंटन व्ह्यू शहरात गुगलची स्वयंचालित लेक्सस गाडी उजवीकडे वळण्यासाठी रस्त्याच्या कडेला सरकली होती. पुढे पावसाच्या पाण्याच्या जाळीभोवती वाळूची पोती रचलेली होती. त्यांना टाळण्यासाठी ती पुन्हा लेनच्या मध्यभागी येऊ लागली. मागून शहर बस येत होती. बस आपल्याला पाहून हळू होईल, असा अंदाज गाडीने केला. आत बसलेल्या चाचणी-चालकालाही तसेच वाटले. बसचालकाला वाटले की गाडी थांबेल. ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने सरकणारी गाडी ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या बसच्या कुशीवर घासली. कुणालाही दुखापत झाली नाही. अपघाताची जबाबदारी काही अंशी आपल्या गाडीची आहे, असे गुगलने प्रथमच मान्य केले, आणि मोठी वाहने वाट देण्याची शक्यता कमी असते ही गोष्ट गाडीच्या प्रणालीत घातली. रोज रस्त्यावर असणाऱ्या कुणालाही ही गोष्ट ठाऊक असते. यंत्राला ती कुणीतरी सांगावी लागते, किंवा असंख्य उदाहरणांतून शिकवावी लागते.

दोन वर्षांनी, १८ मार्च २०१८ च्या रात्री, ॲरिझोनातील टेंपी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या एका स्त्रीला धडक दिली. चालकविरहित तंत्राच्या गाडीखाली पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची ही जगातली पहिली घटना. सुरक्षेसाठी गाडीत बसवलेल्या व्यक्तीचे लक्ष मोबाइलवर होते, ही बाब तेव्हा सर्वत्र छापून आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, अहवाल मात्र त्यापुढे जाऊन संगणकाने क्षणाक्षणाला काय केले ते उलगडतो. तो वाचताना जीव कासावीस होतो.

गाडीने त्या स्त्रीला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. ताशी ७० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने एवढ्या वेळात गाडी शंभर मीटरहून अधिक जाते. थांबायला ते अंतर पुरेसे होते. पण संगणक तिला कधी वाहन ठरवत होता, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल. दर वेळी नाव बदलले की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद बाद होत होती. ती एका बाजूकडून दुसरीकडे सतत सरकत आहे, हे लहान मुलालाही कळले असते. संगणकाला दर वेळी ती नव्याने भेटत होती. शिवाय झेब्रा क्रॉसिंग सोडून भलतीकडे कुणी रस्ता ओलांडू शकते, याची तरतूदच त्या रचनेत नव्हती. धडकेला १.२ सेकंद उरले असताना धोका असल्याचे ठरले. तेव्हा आणखी एक नियम आड आला: उगाच करकचून ब्रेक लागू नयेत म्हणून अशा वेळी एक सेकंद काहीच करायचे नाही, खात्री करून घ्यायची. मूळ व्होल्वो गाडीतली आपोआप ब्रेक लावण्याची सोयही चाचणीदरम्यान बंद ठेवलेली होती.

मला या अहवालातली सर्वांत बोलकी बाब वाटते ती ‘समोर काय आहे’ या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत ‘काय करायचे’ हा प्रश्न अडवून धरण्याची. समोर सायकल आहे की माणूस, याचा उत्तम चालकालाही कित्येकदा उलगडा होत नाही. तो आधी वेग कमी करतो आणि मग नीट पाहतो. जे माहीत नाही त्याचीही किंमत धरून निर्णय घेणे, हा या शास्त्राचा गाभा आहे.

या विचाराला गणितात जागा आहे. जगाची खरी स्थिती पूर्ण दिसत नसताना क्रमाने निर्णय कसे घ्यायचे, याची बैठक १९६० च्या दशकापासून घातली गेली आणि १९९८ मध्ये केल्बलिंग, लिटमन आणि कासांड्रा यांच्या निबंधाने ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात रुजली. कल्पना अशी: फुटपाथच्या कडेला उभा असलेला माणूस रस्ता ओलांडणार की बसची वाट पाहणार, हे गाडीला माहीत नाही. तर तिने एक उत्तर निवडायचे नाही. दोन्ही शक्यता मनात ठेवायच्या, प्रत्येकीला काही वजन द्यायचे, आणि तो माणूस मान वळवतो का, पाऊल उचलतो का, ते पाहून ही वजने बदलत राहायची. कृती अशी निवडायची, की सर्व शक्यता त्यांच्या वजनांसह धरल्या तर जिची सरासरी किंमत सर्वांत कमी पडेल. याचे एक सुंदर फलित आहे. अशा रीतीने विचार करणारी गाडी कधीकधी केवळ अधिक कळावे म्हणून कृती करते. थांबलेल्या बसच्या आडून ती हळूच पुढे सरकते, कारण सरकल्यावर पलीकडचे दिसेल. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ही पद्धत वापरून एक स्वयंचालित गोल्फ कार्ट पादचाऱ्यांच्या वर्दळीतून चालवून दाखवली. सगळ्या शक्यतांचा हिशेब करायला वेळ कुठून आणायचा, हा या पद्धतीचा जुना आजार. त्यावरचे उपाय चौथ्या प्रकरणात आले आहेत.

मग संशय आला की थांबावे, एवढे पुरेसे नाही का? नाही. गुगलच्या सुरुवातीच्या चाचण्यांत चारही बाजूंना थांबण्याची पाटी असलेल्या चौकात गाडी अडकून पडली होती. बाकीचे चालक पूर्ण थांबेनात, थोडे थोडे पुढे सरकत राहिले, आणि नियमानुसार आपली पाळी येण्याची वाट पाहणारी गाडी तिथेच राहिली. शेवटी तिलाही किंचित पुढे सरकून ‘आता मी निघते’ हे दाखवायला शिकवावे लागले. २०१० मध्ये ट्राउटमन आणि क्राउझे यांनी याचे कारण सांगितले. गर्दीतला प्रत्येक जण आपापल्या मार्गाने जाणारच असे यंत्राने धरले, तर त्याला कोणतीच वाट सुरक्षित दिसत नाही आणि ते गोठून उभे राहते. प्रत्यक्षात माणसे एकमेकांना जागा करून देतात. आपल्या हालचालीने दुसऱ्याची हालचाल बदलते, हे हिशेबात घेतल्याशिवाय शहरात गाडी चालवता येणार नाही.

थांबणे किंवा बाजूला होणे ही नेहमी सुरक्षित कृती असते, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बसला. माणूस चालवत असलेल्या एका गाडीने एका स्त्रीला उडवले आणि ती शेजारच्या लेनमधील ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित गाडीसमोर पडली. गाडीने ब्रेक लावले, तरी धडक टळली नाही. गाडी थांबली. इथवर कुणी तिला फारसा दोष देणार नाही. पण गाडीने ही टक्कर आपल्या बाजूला बसलेली धडक समजून घेतली, आणि अशा वेळी रहदारीतून बाजूला व्हायचे या ठरलेल्या पाठानुसार ती कडेला निघाली. ती स्त्री गाडीखाली होती. सुमारे सहा मीटर ती फरफटत गेली. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या मोटर वाहन विभागाने कंपनीचा चालकविरहित गाड्यांचा परवाना निलंबित केला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने या टॅक्सीसेवेला पैसा पुरवणे थांबवले. बाजूला होणे हा नियम चांगल्या हेतूने लिहिलेला होता. गाडीखाली माणूस असू शकतो, हा प्रश्न मात्र तो पाळण्याआधी गाडीने स्वतःला विचारला नाही.

यंत्राच्या चुकीचा आणखी एक स्वभाव आहे. ११ डिसेंबर २०२३ रोजी फिनिक्समध्ये एक ट्रक पिकअप गाडी ओढून नेत होता. पिकअप उलट्या तोंडाने, तिरकी बांधलेली होती. तिचे तोंड एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे, त्यामुळे गुगलच्याच प्रकल्पातून निघालेल्या वेमो कंपनीच्या चालकविरहित गाडीचा अंदाज चुकला आणि ती तिला धडकली. काही मिनिटांतच वेमोची दुसरी गाडी त्याच पिकअपला धडकली. कुणालाही इजा झाली नाही, आणि कंपनीने सर्व गाड्यांची प्रणाली दुरुस्त केली. माणसाची चूक त्याच्यापुरती असते. इथे एकाच मेंदूच्या शेकडो प्रती रस्त्यावर असतात. एकीला जे कळत नाही ते कुणालाच कळत नाही. याची दुसरी बाजू आशा वाटावी अशी आहे: एकदा केलेली दुरुस्ती सगळ्यांना एकाच वेळी मिळते. नवशिक्या चालकांची प्रत्येक पिढी तीच चूक पुन्हा करून शिकते, तसे इथे घडायचे कारण नाही.

निर्णय नियमांनी बांधावा की उदाहरणांतून शिकवावा, यावर संशोधकांत दोन मते आहेत. इस्रायलमधील मोबिलआय कंपनीच्या शालेव-श्वार्त्झ, शम्मा आणि शाशुआ यांनी २०१७ मध्ये सुरक्षिततेची एक गणिती चौकट मांडली. मागून धडकू नये, बेदरकारपणे मध्ये घुसू नये, जिथे दिसत नाही तिथे जपून जावे, आणि आपला हक्क असला तरी तो हिसकावून घेऊ नये, अशा सुज्ञ चालकाच्या समजुतींना त्यांनी सूत्रांचे रूप दिले. ही दिशा मला पटते, कारण असे सूत्र तपासता येते. दुसऱ्या बाजूला वेमोच्या बन्सल, क्रिझेव्हस्की आणि ओगले यांचा २०१८ मधला प्रयोग आहे. त्यांनी कुशल चालकांच्या तीन कोटी उदाहरणांवरून एका ‘न्यूरल नेटवर्क’ला, म्हणजे उदाहरणांतून शिकणाऱ्या संगणकी जाळ्याला, गाडी चालवायला शिकवले आणि केवळ अनुकरण पुरत नाही असा निष्कर्ष काढला. कुशल चालक संकटात सापडतच नाहीत, त्यामुळे संकटातून कसे निघायचे हे त्यांच्या उदाहरणांत नसते. लेनमधून भरकटलेली गाडी, टक्करीच्या बेतात आलेली गाडी, असे प्रसंग मुद्दाम रचून दाखवल्यावर ते जाळे सुधारले. हा निष्कर्ष मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो.

ब्रेक निकामी झाले तर म्हाताऱ्याला वाचवावे की मुलाला, या कोड्यावर या पुस्तकात फार पाने खर्च केलेली नाहीत. जर्मन सरकारच्या नीतिमत्ता आयोगाने २०१७ मध्ये वय, लिंग अशा गोष्टींवरून माणसांत निवड करण्याला स्पष्ट मनाई केली, आणि मला ते योग्य वाटते. खरा नैतिक निर्णय त्या क्षणाच्या बराच आधी झालेला असतो, आणि तो बहुधा वेगाचा असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला धोका ओळखून ब्रेक लावायला एक सेकंद लागला आणि ब्रेक बऱ्यापैकी जोरात लागले, तर ती सुमारे ३० मीटरमध्ये थांबते. ३० च्या वेगाने तीच गाडी सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. शाळेसमोर उभ्या बसच्या कडेने जाताना गाडीने यातला कोणता आकडा निवडला, त्यावर एखादे मूल घरी पोचणार की नाही हे ठरते.

ही गाडी पुरेशी सुरक्षित आहे, हे सिद्ध कसे करायचे? २०१६ मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या काल्रा आणि पॅडॉक यांनी हिशेब मांडला. अमेरिकेतल्या मानवी चालकांचा मृत्यूदर आपण ओलांडत नाही हे ९५ टक्के विश्वासाने म्हणायचे, तर गाड्यांनी एकही जीव न घेता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालले पाहिजे. शंभर गाड्या रात्रंदिवस चालवल्या तरी याला सुमारे साडेबारा वर्षे लागतात, आणि प्रणालीत मोठा बदल केला की आधीचा पुरावा डळमळतो. वेमोच्या संशोधकांनी नऊ कोटी किलोमीटरहून अधिक चालकविरहित प्रवासाची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे, आणि तिच्यात पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात मानवी चालकांच्या तुलनेत फार कमी दिसतात. तो आकडा कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवूनही मी तो गांभीर्याने घेतो. आठव्या प्रकरणात त्याची छाननी आहे.

भारताविषयी थोडे. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. केंद्रीय वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन अशा गाड्या येऊ देणार नाही, असे अनेकदा सांगितले आहे. लाखो घरे ज्या कामावर चालतात त्याची काळजी रास्त आहे. पण चालकाशिवाय टॅक्सी येवो न येवो, समोरच्याचा हेतू ओळखून वेळेत ब्रेक लावणारे तंत्र माणूस चालवत असलेल्या ट्रकमध्ये आणि बसमध्येही बसते. त्यासाठी आपले रस्ते यंत्राला माहीत हवेत. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगळुरूच्या रस्त्यांवरील दहा हजार चित्रांचा संग्रह खुला केला. त्यात रिक्षा आहे, जनावरे आहेत, कडा नसलेला रस्ता आहे. पण ही ओळखण्याची सामग्री झाली. पुण्यात उजवीकडे वळणारा दुचाकीस्वार समोरच्या रहदारीत चाक घालून जागा कशी मागतो, घाटात ट्रकचालक हात हलवून मागच्याला कशी वाट देतो, एसटी स्टँडसमोर माणसांचा घोळका एकदम रस्त्यावर कधी उतरतो, अशा व्यवहाराचा अभ्यास बहुतेक व्हायचाच आहे. परदेशी शहरांत शिकलेली गाडी तो आपोआप आणणार नाही. त्याची गरज ओळखून कुणी मराठी विद्यार्थी कॅमेरा घेऊन एखाद्या चौकात उभा राहिला, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी मानेन.

वाचकांना एक सूचना. गणिताची सवय नसेल तर चौथे आणि पाचवे प्रकरण सोडून पुढे गेलात तरी काही अडणार नाही. अपघातांच्या अहवालांवरचे सहावे प्रकरण मात्र कृपा करून सोडू नका. टेंपीच्या घटनेचा एनटीएसबीचा अहवाल नोव्हेंबर २०१९ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि तो विनामूल्य मिळतो. शक्य असेल तर तो मुळातून वाचा.